कागदाची मागची बाजू

चुरीकाका,

तुम्ही गेल्याचं मला तुमच्या डहाणूकडच्या, आगरच्या हिराबायने सांगितलं. तलासरीच्या बाजारात, सुक्या बोंबलांच्या टोपलीमागे बसल्या बसल्या. "तुझा कागदशेट गेला गं. चार दिवस झाले," म्हणाली, आणि टोपलीतून तुमचा शेवटचा कागद काढून माझ्या हातात दिला. तुम्ही तो आदल्याच आठवड्यात तिच्याकडे देऊन ठेवला होता. नेहमीसारखाच त्याला बोंबलाचा वास येत होता. मी तो पिशवीत टाकला, थोडा जवळा घेतला आणि झरीला घरी आले. रडले वगैरे नाही. खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो हाच, की सुटले. आता दर आठवड्याला कागद येणार नाही, आणि तो न वाचता पत्र्याच्या पेटीत टाकायचं कामही नाही.

तेव्हाच लिहायला बसले असते तर हे एवढ्यावर संपलं असतं. पण नंतर तुमची लेक मीनल भेटली आणि तिने दिलेली फाइल मी उघडली. तेव्हापासून मी तुमच्यावर इतकी चिडले आहे, की तुम्ही असतात तर ओसरीवरून हाताला धरून बाजारात आणलं असतं आणि विचारलं असतं, बोला, का गप्प बसलात? जगातल्या सगळ्या गोष्टींवर तुम्ही माझ्याशी भांडलात. जिथे भांडायला हवं होतं, नेमके तिथेच तुम्हाला सभ्यपणा सुचला.

आपली ओळखच मुळी चोरीतून झाली. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला मी डहाणूला आले होते आणि मधल्या सुट्टीत वाचनालयात बसून पेपरातला एक तुकडा हळूच फाडत होते. कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो, असं काहीतरी त्यात होतं. समोर तुम्ही. "बाई, फाडू नका, मी उतरवून देतो," म्हणालात. आणि खरोखरच टेलिफोन खात्याच्या एका जुन्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर अख्खा मजकूर उतरवून दिलात. नोकरी टेलिफोन खात्यातच झालेली, निवृत्त होताना रद्दीत निघालेल्या फॉर्मांचे गठ्ठे तुम्ही घरी आणले होते. मी म्हटलं, "हे आमच्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे." तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "मग त्या शास्त्रज्ञांना कळवायचं नाही का? बिचाऱ्यांची किती वर्षं वाया गेली."

मी हसले, आणि फसले. कारण पुढच्याच बाजाराच्या दिवशी तुम्ही डहाणूहून एसटीने तलासरीला हजर. हातात कागद. त्यावर चार मथळे: विज्ञान, राजकारण, इतिहास, शहर. आठवडाभरात जे जे वाचलंत त्यातलं चांगलं निवडून तुम्ही स्वतःच्या मराठीत लिहून आणलं होतं. हिराबायच्या टोपलीशेजारी उभे राहून तुम्ही एकेक वाक्य वाचायचात आणि मी ते आमच्या बोलीत सांगायची. आधी चार जण थांबले, मग दहा, मग बायका भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसायलाच लागल्या. माझ्या आत्याने तुमचं नाव कागदशेट ठेवलं. ते तुम्हाला आवडलं नव्हतं, पण तिला तसं सांगायची तुमची हिंमत नव्हती.

'शहर' सगळ्यांच्या आवडीचं. मोठ्या शहरांत माणसं पैसे भरून मशीनवर जागच्या जागी चालतात, हे मी सांगितलं तेव्हा बायका पोट धरून हसल्या होत्या. "आन पोचतात कुठं?" असं आत्याने विचारलं होतं. सिमेंटमुळे शहरातली हवा रात्रीही थंड होत नाही, हे सांगितलं तर कुणीतरी म्हणालं, बरं झालं, आमचा कारवी-मातीचा कूडच चांगला. शहराला पाणी कसं पुरवायचं यावर तुम्ही एकदा वाचत होतात. एका बाईने मधेच विचारलं, "तो पानी आमच्याच धरनाचा ना?" तुम्ही घसा खाकरलात आणि पुढच्या ओळीवर गेलात.

हेच माझं तुमच्याशी भांडण होतं, आणि ते मी मागे घेणार नाही. तुमचं राजकारण नेहमी समुद्रापलीकडचं. कुठल्या देशात निवडणुकीत काय गडबड झाली, कुठल्या देशात लोक रस्त्यावर आले. इथे जमिनी घ्यायला आमच्या शेतांतून आखणीचे दगड रोवले जात होते, त्याबद्दल एक ओळ नाही. मी विचारलं की म्हणायचात, "इथलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." इतिहासाचं तेच. दुसऱ्या खंडातल्या गुलामांवर तुम्ही तीन आठवडे वाचलंत. लोकांनी मन लावून ऐकलं. मग आत्या उठली आणि म्हणाली, "कागदशेट, माझी आय तुमच्याच बाजूच्या वाडीत वेठीला जायची. तिच्या पाठीवर वळ होते. तो तुमच्या कागदात कधी येनार?" वाडी तुमच्या आजोबांची होती की शेजाऱ्यांची, ते तिने बोलून दाखवलं नाही. तुम्ही म्हणालात, "येईल, पुढच्या आठवड्यात." परवा मी फाइलमधल्या नकला आणि पेटीतले कागद, सगळं उघडून पाहिलं, काका. तो पुढचा आठवडा काही आला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं तुम्हाला सोपं गेलं, आणि हे मी तुमच्या तेराव्यालाही तोंडावर सांगितलं असतं.

पण आता त्या हिवाळ्याबद्दल.

त्या वर्षी दिवाळीनंतर जमीन हलायला लागली आणि थांबेचना. दिवसा हलायची, जेवताना हलायची, फळीवरचे डबे खाली यायचे. अंगणवाडीतली पोरं खिचडीचं ताट उचलून आपणहून बाहेर पळायला शिकली. सगळे पाडे उघड्यावर झोपायला लागले, डोक्यावर प्लास्टिक आणि खाली पेंढा. थंडी अशी, की म्हाताऱ्यांचे खोकले एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर ऐकू यायचे. आत्याने मला आईमागे वाढवलं, तिची छाती आधीच कमजोर. ती रोज म्हणायची, भूकंपाने मरन्याआधी मी थंडीनंच मरनार.

त्याच सुमाराला तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. जेवण झाल्यावर तुम्ही घरभर फिरून भिंतींवर बोटाने टकटक करत होतात, टेलिफोनचा खांब पोकळ आहे का बघावा तसे. सरकारी घरकुल योजनेतून बांधलेली मागची विटांची भिंत म्हणजे आत्याचा अभिमान. बाकीच्या तीन बाजूंना कूडच होता. ती ओरडली, "माझी भित काय चोर हाय, ठोकून बघतास ती?" तुम्ही हात मागे घेतलात आणि तिच्याकडे आणखी एक भाकरी मागितलीत.

त्यानंतरच्या बाजाराला तुम्ही आला नाहीत. तुम्हाला ताप होता. कागद हिराबायच्या टोपलीतून आला. त्या दिवशी मी पहिल्यांदा एकटी उभी राहिले. कागदही मीच वाचला, बोलीतही मीच सांगितलं. थोडी मिजास पण वाटली, नाही असं नाही. तुम्ही त्या कागदावर विज्ञान शेवटी टाकलं होतंत. पहिल्यांदाच. तुमचंच म्हणणं होतं की माणसं शेवटचं ऐकलेलं तेवढं घरी घेऊन जातात. शेवटच्या ओळी मला अजून पाठ आहेत. जमिनीच्या पोटात ताण साठतो. लहान लहान धक्क्यांनी त्यातला थोडा मोकळा होतो, असं काही जण मानतात.

तिथे कागद संपला. म्हणजे मला वाटलं की संपला. तुम्ही कायम कोऱ्या बाजूवरच लिहायचात. मागे टेलिफोन खात्याचे छापील रकाने असायचे, तक्रार, कारण, निवारण. तुमचा कागद कधी कुणी उलटून पाहिलाच नव्हता, कारण मागे बघण्यासारखं काही नसायचं. मी मान वर केली. समोर थंडीने काळवंडलेली तोंडं होती, आणि सगळ्यांना माझ्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती. मी म्हटलं, "बारके धक्के बसतात, म्हंजे मोठा होनार नाय. जमीन आपला अंग हलका करते. बिनधास घरात झोपा."

'काही जण मानतात' मी खाल्लं. 'घरात झोपा' मी घातलं. तुमच्यावर खापर फोडताना या दोन गोष्टी मी कधी मोजल्या नाहीत.

त्याच दिवशी आत्याने पेंढा गोळा करून गोठ्यात टाकला आणि घरात अंथरूण घातलं. तिसऱ्या दिवशी उजाडताना ती अंथरुणातून उठून मागच्या भिंतीलगतच्या चुलीशी बसली होती, तेव्हा धक्का बसला. फार मोठा नव्हता. कुडाच्या घरांची नुसती माती झडली. आमची विटांची भिंत आत पडली, आणि आत्याच्या कमरेचं हाड गेलं. ती वाचली, पण त्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली नाही. सकाळी मी तिला उचलून बसवते, मग अंगणवाडीत जाते, दुपारी येऊन परत उचलते.

आणि मी तुमच्याकडे आले. आठवतंय ना? तुमच्या ओसरीवर उभी राहून मी इतकी ओरडले की शेजारच्या वाडीतले गडी काम टाकून बघायला आले. तुम्ही लिहिलंत, तुम्ही सांगितलंत, तुमचं काय जातं, तुम्ही डहाणूत गादीवर. तुम्ही एकच विचारलंत, "यमुना, तो कागद कुठे आहे?" मी म्हटलं, "चुलीत." ते खरं होतं. आत्या सगळे जुने कागद चूल पेटवायला घ्यायची. तुम्ही उठलात. आत कपाटापाशी गेलात आणि कपाटाच्या दारावर हात ठेवून उभे राहिलात. मला तुमची पाठ दिसत होती. मग तुम्ही वळलात, माठातून पाणी घेऊन आलात आणि ग्लास माझ्या हातात देत म्हणालात, "चूक झाली."

झाली म्हणालात. कुणाची ते बोलला नाहीत. मी विचारलंही नाही. मला हवी तशीच ती मी धरली.

मी म्हटलं, बाजारात येऊन सांगा. तुम्ही आलात. अंगात तापाची कणकण होती, मफलर गुंडाळलेला होता. "त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते बरोबर नव्हतं. दोष माझा आहे," एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आमच्या बोलीत सांगण्यासाठी. मी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. "ऐका, कागदशेट म्हनतात, चूक त्यांची हाय." एक जण मागून ओरडला, "बैल गेला आन झोपा केला! जा आता काका, घरी जाऊन आराम करा." लोक हसले. मीही हसले, काका. तुम्ही मफलर नीट केलात आणि दोनच्या एसटीने गेलात.

त्यानंतर तुम्ही बाजारात आला नाहीत, पण कागद येत राहिले. मी ते वाचून दाखवले नाहीत. वरवर नजर टाकायची आणि पेटीत. एक गोष्ट मात्र दिसायची. प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूवर, त्या छापील रकान्यांवरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ मारलेली असायची. मी आत्याला म्हटलं होतं, म्हातारा चळला, न भरलेल्या छापील फॉर्मवर रेघोट्या ओढतो. आत्या म्हणाली, ओढू दे, मेल्याला काम काय.

तुमचं कार्य आटपल्यावर मीनल स्वतः अंगणवाडीत आली. वापीहून, स्कूटीवर. म्हणाली, "यमुनाबेन, पप्पा बोललेले सगळे कागद रद्दीत दे म्हणून. पण एका फाइलवर झरी लिहिलेलं होतं. मला झालं की तुम्हाला विचारूनच देऊ." मी म्हटलं ठेव. ती गेल्यावर पोरांचं वजन करून झालं, आणि मग मी ती उघडली. आत तुमच्या सगळ्या बाजारच्या कागदांच्या नकला होत्या, कार्बन घालून काढलेल्या, तारीखवार लावलेल्या. दुरुस्तीला जाणारा माणूस नकलेशिवाय पावतीसुद्धा फाडत नाही, हे तुमचंच वाक्य. मी बोट फिरवत त्या आठवड्यावर आले. तिथे एकाऐवजी दोन पानं टाचलेली होती. पहिल्याच्या खाली, अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, मागे पाहा. दुसऱ्याच्या वर लिहिलं होतं, मागील बाजू.

"पण यावर विसंबू नये. लहान धक्के बसतात म्हणून मोठा बसणार नाही, असं कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. थंडी असली तरी तडा गेलेल्या विटांच्या भिंतीजवळ झोपू नये. कुडाच्या घरात धोका त्यामानाने कमी."

त्याखाली आणखी तीन ओळी होत्या. त्या वाचून मी फाइल मिटली आणि वजनकाट्यावर बसून राहिले. एक पोरगी काट्यावरचा आकडा वाचून म्हणाली, "बाय, तू लय भरलीस."

मला सांगा, दुसरा कागद घ्यायला काय झालं होतं तुम्हाला? घरात फॉर्मांचे गठ्ठे होते. ताप होता, उठवत नव्हतं, मान्य. पण मग 'मागे पाहा' एवढं बारीक? माझ्या अंगठ्याखाली गेलं असणार ते. सगळ्यात महत्त्वाचं तेच नेमकं मागे, तक्रारीच्या रकान्यात दाटीवाटीने. यात तुमची चूक नाही असं मी म्हणणार नाही. पण ती चूक चार आण्यांची. बाकीचे बारा आणे माझे. आणि ते तुम्ही माझ्याकडून मागितलेच नाहीत. कपाटाच्या आत, तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर ही नक्कल होती. दार उघडून ती माझ्या तोंडावर फेकली असतीत तर मी त्या दिवशी मेले असते आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागले असते. तुम्ही ठरवलंत, की हिला झेपणार नाही. कोणी सांगितलं तुम्हाला? मी चाळीस पोरांची अंगणवाडी चालवते, अपंग म्हातारी सांभाळते. मला दया नको होती. पण तुम्ही मोठेपणा घेऊन मोकळे झालात, आणि इतकी वर्षं मी चार आणे चुकलेल्या माणसाला रोज सोळा आण्यांच्या शिव्या दिल्या.

की तुम्हाला दुसरंच काही दिसत होतं? माझ्या सांगण्यावर बायका पोरांना डोस पाजायला आणतात. गरोदर सुना मी दिल्या म्हणून लोहाच्या गोळ्या घेतात, नाहीतर फेकून देतात. यमुना खोटं सांगत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती अंगणवाडी उभी आहे. तुमचं नाव गेलं तर बाजारातलं वाचन बंद पडेल, माझं गेलं तर काय काय बंद पडेल, याचा हिशेब तुम्ही त्या कपाटापाशी उभे राहून केलात का? केला असेल तर बरोबर होता. त्याने माझा राग कमी होत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते, आणि तुम्ही तो कापडात गुंडाळून परत माझ्याच हातात दिलात.

दोन बाजार मी नुसते जाऊ दिले. फाइल पिशवीत असायची, मी भाजी घ्यायची आणि परत यायची. वाचायचं तर सगळंच वाचावं लागणार होतं, आणि ते कळल्यावर उद्या एखादी सून गोळी थुंकून म्हणाली, मागं पन असंच सांगलेलास, तर मी काय उत्तर देणार होते? मग परवा आत्याला म्हटलं, बाजारात येशील का, कागदशेटचा कागद वाचायचा आहे. ती म्हणाली, "मेलेल्या मानसाला शिव्या द्यायला येवढ्या लांब कशाला? हितूनच देते." तरी आली. रिक्षावाल्याने आणि मी तिला उचलून हिराबायच्या शेजारी गोणपाटावर बसवलं.

काल मी वाचलं, काका. आधी पुढची बाजू, जशी होती तशी, 'काही जण मानतात' सकट. मग मागची. लोक फार नव्हते, पंधरावीस असतील. जुन्यांतले काही थांबले, नवी पोरं मोबाइल बघत उभी राहिली. मी सांगितलं, की हे कागदशेटनी तेव्हाच लिहिलं होतं. मी कागद उलटला नाही. आणि घरात झोपा हे त्यांचं नव्हतं, माझं होतं. तुम्हाला घरी जा म्हणणारा तो माणूसही होता, आता त्याचे केस पांढरे झालेत. तो म्हणाला, "आता सांगतंस?" मी म्हटलं, "हो, आता सांगते." एक बाई तिच्या सुनेचा हात धरून निघून गेली. ती सून माझ्याकडे गोळ्यांसाठी येते. आता येईल की नाही, माहीत नाही.

मग राहिलेल्या तीन ओळी वाचल्या.

"यमुना, हे घाई न करता सांग. आत्यांच्या मागच्या भिंतीला तडा आहे, मी हात लावून पाहिला. त्यांना आत झोपू देऊ नको."

हिराबायने पदर तोंडाला लावला. आत्या म्हणाली, "परत वाच." मी वाचलं. "आजून एक वेळ." मी वाचलं. तिने विचारलं, "ती भित ठोकत होता तेव्हा बघितला त्यानं?" मी हो म्हटलं. बराच वेळ ती हिराबायच्या टोपलीतला एक बोंबील उगाच उलटासुलटा करत राहिली.

"मी त्याला येवढी वरसं शिव्या दिल्या," ती म्हणाली. "रोज उठता-बसता. आता त्या कोनाला दिऊ?"

मी म्हटलं, "मला दे."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला कशा दिऊ? मला उचलनारी तूच हायस."

आज सकाळी मी तिला नेहमीसारखं काखेत हात घालून उचललं. कमरेत कळ जायची तेव्हा ती तुमच्या नावाने एक ठरलेली शिवी द्यायची. इतकी वर्षं त्या शिवीवरच ती उठत आली आहे. आज कळ गेली, तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. दातांत ओठ धरून ती तशीच बसली. माझ्या दंडावर तिची बोटं रुतली होती. मला ते सहन होईना. म्हटलं, आत्या, दे गं, काहीतरी बोल. ती नुसती मान हलवत राहिली.

तुम्ही इतकी वर्षं हे कसं सहन केलंत, काका? पेटीतला एकेक कागद मी उलटून पाहिला, शेवटचाही. सगळ्यांच्या मागे तुमची रेघच आहे, इथे काही लिहिलेलं नाही असं सांगणारी.